मुकाट दुरुस्त्या

ओर्नेलाने पुस्तक टेबलावर आपटलं तेव्हा फादर एजिस्तोंच्या बशीतला चमचा उडून कागदांवर पडला.

"पान त्र्याऐंशी. खालची टीप वाचा. मोठ्याने वाचा."

फादरनी आधी चमचा उचलला, कागदाला कॉफी लागली नाही ना ते पाहिलं, मग चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. ब्याऐंशी वर्षांचे होते ते. गुब्बियोतल्या बंद पडलेल्या मठांचं जुनं दप्तर चाळीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होतं. ओर्नेला फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ते तिला ओळखत होते, त्यामुळे तिचा आवाज चढला तरी त्यांना घाई नव्हती.

"'वहीचा उत्तरार्ध दुसऱ्या कुणाच्या हातचा आहे,'" त्यांनी वाचलं. "'वाद्याशी जेमतेम ओळख असलेल्या एखाद्या नवशिक्या मुलीचा तो असावा. सूर गाळणे, सप्तक चुकणे अशा तिच्या एकशे बारा चुका येथे मुकाट दुरुस्त केल्या आहेत.'"

"मुकाट," ओर्नेला म्हणाली. "शब्द बघा माणसाचा."

"पोरी, पंडितांची भाषा आहे ती. कुठे काय बदललं ते प्रत्येक वेळी सांगत बसत नाहीत, एवढाच अर्थ."

"एकशे बारा ठिकाणी? घरात शिरून एकशे बारा वस्तू हलवायच्या आणि म्हणायचं, सांगत बसलो नाही?"

"बस आधी. कॉफी घे."

ती बसली नाही. नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत, याच टेबलावर फादरनी तिला ती वही पहिल्यांदा दाखवली होती. पोटाशी धरता येईल एवढी आडवी वही, शेळीच्या कातड्याचं कव्हर, आत पहिल्याच पानावर तपकिरी शाईत लिहिलेलं: ही वही सिस्टर देओदाताची, सोळाशे एकवीस. पुढे पानोपानी सहा-सहा आडव्या रेघा आणि रेघांवर आकडे. रेघा म्हणजे ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या तारा, त्याही उलट्या, मांडीवर वाद्य घेऊन खाली बघितलं की दिसतात तशा. खर्जाची तार सगळ्यांत वर. आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं ते. त्या काळच्या इटलीत ल्यूटवाले असंच लिहीत. सूर कुठला ते लिहीत नसत, हात कुठे जायचा ते लिहीत. ओर्नेला आपल्या विद्यार्थ्यांना सांगायची, दुसऱ्या लिप्यांत गाणं असतं, या लिपीत माणसाचा हात असतो.

त्या वहीचे फोटो काढून तिने घरी नेले होते आणि नऊ वर्षं त्यांच्याबरोबर काढली होती. संगीतशाळेत आठवड्याला तीन दिवस शिकवणं, उरलेल्या वेळात ही वही. पहिल्याच वर्षी गावात तिने त्या चिजांचा एक कार्यक्रमही केला होता, मठाच्या चर्चमध्ये, आणि पाद्र्यांनी त्याची सीडी काढून छपराच्या दुरुस्तीसाठी विकली होती. पुस्तक काढावं असं तिच्या मनात होतं. पण तिच्याजवळ पदवी नव्हती, नुसती बोटं होती. पादोव्याहून प्रोफेसर तुल्लियो मारन्गोन आले, दोन उन्हाळे दप्तरात बसले, आणि हे पुस्तक निघालं. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी नगरपालिकेच्या सभागृहात त्याचं प्रकाशन होतं, आणि त्यात चार चिजा वाजवायला ओर्नेलालाच बोलावलं होतं.

"म्हणजे मी त्यांच्या दुरुस्त्या वाजवायच्या," ती म्हणाली. "तिच्याच गावात. तिचं नाव घेऊन."

"तू त्यांना फोन कर. भला माणूस आहे. भांडखोर नाही."

"भांडखोर असता तर बरं झालं असतं."

फोन तिने चौकात गाडीपाशी उभं राहूनच केला. प्रोफेसर खरोखरच भले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की शाई वेगळी, टाक वेगळा, चारचा आकडा वेगळा. पूर्वार्ध कसलेल्या वादकाचा आहे, उत्तरार्ध शिकाऊ मुलीचा. स्वरमेळात जिथे चार तारा दाबायच्या तिथे ती तीनच दाबते. वरचा सूर घ्यायचा तिथे खालचा घेते.

"तुम्ही शिकवता ना, बाई? मग ही असली वही तुमच्या वर्गातल्या मुलींची तुम्ही रोज बघत असाल."

"माझ्या वर्गातल्या मुलींना मी न विचारता खोडत नाही."

"ते खरंय. पण त्यांना विचारता येतं."

ते हसत म्हणाले. तिला टोचायचं म्हणून नव्हे, सहज. तेच तिला सहन झालं नाही. तिने फोन बंद केला आणि गाडीचं दार ओढून घेतलं ते सगळा राग हातात घेऊन. डाव्या हाताची करंगळी मध्ये होती.

दवाखान्यात फोटो काढला. हाड चिरलं होतं, तुटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी करंगळीला पत्र्याची पट्टी बांधून दिली आणि तीन आठवडे हलवायची नाही म्हणून सांगितलं.

"काय काम करता?"

"ल्यूट वाजवते."

"मग तीन आठवडे गाणी ऐका," बाई म्हणाल्या.

नगरपालिकेत फोन करून आपण वाजवू शकत नाही असं कळवायचं तिने ठरवलं. एक दिवस गेला, दोन गेले, फोन झाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मसुराची आमटी गरम करायला ठेवली आणि ती गरम होईपर्यंत म्हणून वाद्य मांडीवर घेतलं. समोर प्रोफेसरांचं पुस्तक उघडं होतं, पान त्र्याऐंशी. तिने त्यातलं पहिलंच नृत्य काढलं. दुसऱ्याच ओळीत अडकली. पट्टी बांधलेली करंगळी हवेत ताठ उभी, आणि तिच्यावाचून तो स्वरमेळ होणारच नव्हता. साहजिकच होतं. तरी तिला संताप आला, पुस्तकाचाच आला. तिने ते मिटलं, आणि निव्वळ त्याला डावलायचं म्हणून त्याच चिजेचा वहीतला फोटो समोर ठेवला.

हात चालत गेला.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. जिथे सूर गाळला होता तिथे नेमकी करंगळी लागली असती. जिथे वरचा सूर सोडून खालच्या सप्तकातला घेतला होता, तिथे वर पोचायला करंगळीच लागली असती. एके ठिकाणी हात उगाच दोन पडदे वर सरकतो, ते तिला नऊ वर्षं विचित्र वाटत आलं होतं. आता तिथे तिच्या तीन बोटांना दुसरी वाटच नव्हती. तिने पुढचं पान घेतलं. त्याच्या पुढचं घेतलं. उत्तरार्धातल्या सगळ्या चिजा तिने एकामागून एक काढल्या आणि अख्ख्या सव्वीस पानांत तिला एकदाही करंगळीची गरज पडली नाही.

आमटी करपल्याचा वास जिन्यापर्यंत गेला तेव्हा खालच्या हार्डवेअरवाल्याने दार वाजवलं.

दुसऱ्या दिवशी दप्तर उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती. फादरनी कुलूप काढलं, तिची पट्टी पाहिली, तिला आत घेतलं. मूळ वही त्यांनी फडक्यावर ठेवली. ओर्नेला नुसती सांगत होती आणि डाव्या हाताची तीन बोटं टेबलाच्या कडेवर दाबून दाखवत होती. फादरनी बराच वेळ त्या बोटांकडेच पाहिलं.

"उजवा हात शाबूत, म्हणून लिहिता येतंय," ते अखेर म्हणाले. "डाव्याचं एक बोट गेलं."

"पूर्वार्धात ते आहे. पूर्वार्धात ती चारही बोटं वापरते, आणि कशी वापरते. मी वाजवलंय ना ते. फादर, ही दुसरी कुणी मुलगी नाही. हीच ती."

"हळू. चारचा आकडा बदललाय, ते त्या माणसाचं खोटं नाही." त्यांनी भिंग घेतलं. "माझं अक्षर तरी कुठे राहिलं पूर्वीचं? मध्ये किती वर्षं गेली ते बघावं लागेल."

त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. अठ्ठावीस पानांपर्यंत पूर्वार्ध. एकोणतिसाव्या पानावर सहा रेघांचे संच नीट आखलेले होते, आणि आकडा एकही नव्हता. तिसावं तसंच. एकतिसावं तसंच. पुस्तकात या पानांबद्दल एक वाक्य होतं: मधली कोरी पानं वगळली आहेत. ओर्नेलाने आपल्या फोटोंतही ती कधी छापून घेतली नव्हती. कोऱ्या पानांचा कागद कोण फुकट घालवणार.

"आखून ठेवली होती तिने," फादर म्हणाले. "पुढचं लिहायचं होतं."

एकोणचाळीसपर्यंत अकरा पानं. चाळिसाव्यावर पुन्हा आकडे, फिकट शाई, जाड टाक. ओर्नेलाने त्या पानावरची चीज मनात वाजवली आणि झटकन मागे जाऊन नववं पान काढलं. तेच नृत्य होतं, हे तिला ठाऊक होतं, पण दोन्ही पानं शेजारी धरून तिने कधी पाहिली नव्हती. नवव्या पानावर भरघोस, चार बोटांचं, चाळिसाव्यावर तीन बोटांचं. प्रोफेसरांनी ते एकदाच छापलं होतं. दुसरी नक्कल सदोष असल्याने गाळली, अशी टीप होती.

"पहिलं काय लिहिलं बघा तिने," ओर्नेला म्हणाली. "इतक्या वर्षांनी टाक हातात घेतला आणि पहिलं आपलंच जुनं नृत्य. बसवून बघितलं, येतं का."

फादरनी मठाची नोंदवही काढली. दुपारपर्यंत दोघं शोधत होती. सिस्टर देओदाताच्या नावाने दोनच नोंदी सापडल्या, मठात आली ती तारीख आणि वारली ती. मधल्या एकेचाळीस वर्षांचं काही नव्हतं. बोट पिठाच्या चक्कीत गेलं की थंडीने सडलं की आणखी कशाने, ते लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"नवशिकी म्हणे," ओर्नेला म्हणाली आणि उठली. तिने नगरपालिकेत फोन केला. आपण वाजवणार आहोत, असं कळवलं.

शनिवारपर्यंत तिने दोन कागद भरून भाषण लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं, अधिक कडक केलं. त्यात 'उद्धटपणा' हा शब्द तीनदा आला होता आणि तिला एकही काढावासा वाटत नव्हता.

सभागृहामागच्या खोलीत प्रोफेसर मारन्गोन आधीच येऊन बसले होते. उंच, वाकलेले, गळ्याभोवती लोकरी मफलर. तिची पट्टी पाहून ते उठून उभे राहिले.

"बाई, हे काय? मला कुणी कळवलं नाही. आपण वाजवण्याचं रद्द करू या."

"बसा," ती म्हणाली. "मला तुम्हाला काही दाखवायचंय. बाहेर सगळ्यांसमोर सांगणारच आहे, पण तोंडावर न सांगता बाहेर सांगणं मला जमणार नाही. मी मुकाट काही करत नाही."

तिने पेटीतून वाद्य काढलं. आधी त्यांच्या पुस्तकातल्या चार ओळी काढायचा प्रयत्न केला आणि अडकून दाखवलं. मग वहीतल्या काढल्या. मग दुसऱ्या चिजेतल्या, तिसऱ्या चिजेतल्या. मग नववं आणि चाळिसावं पान शेजारी शेजारी ठेवलं. प्रोफेसर खुर्ची ओढत ओढत इतके जवळ आले की त्यांच्या मफलरचं टोक तारांवर पडलं. त्यांनी ते उचलून घेतलं. मध्येच दोनदा "पुन्हा" म्हणाले. ती वादाला तयार होऊन आली होती. पण ते वाद घालेनात.

"बरोबर आहे तुमचं," शेवटी ते म्हणाले. "असावं नाही, आहेच. मला वाजवता येत नाही, बाई. मी कागदावर बघतो. कागदावर हे दिसत नाही."

खिशातले दोन कागद तिला टोचत होते.

"एक विचारू का?" प्रोफेसर म्हणाले. "हे तुम्हाला आज कळलं असेल, गेल्या आठवड्यात कळलं असेल. पण त्याच्या आधीही तुम्ही वहीवरूनच वाजवत होता ना? माझ्या पुस्तकावरून नाही."

"नऊ वर्षं. आकडा न आकडा जसाच्या तसा."

"मग ते सूर तुम्ही का भरलेत?"

"मी? मी काही भरलेलं नाही."

त्यांनी पुस्तक उघडलं, पण त्र्याऐंशीवर नाही. अगदी सुरुवातीला, चौदाव्या पानावर. ओर्नेलाने ते पान पाहिलंही नव्हतं. पुस्तक हाती आलं तेव्हा ती थेट आपल्या ओळखीच्या चिजांकडे गेली होती. तिथे आभार मानलेले होते. 'सतरा ठिकाणी संपादकाला निर्णय करता येत नव्हता. तेथे ओर्नेला चेकारेली यांचे वादन प्रमाण मानले आहे.'

"ती छपरासाठी विकलेली सीडी," प्रोफेसर म्हणाले. "फादरनी मला दिली होती. आहे माझ्या फोनवर."

त्यांनी ती लावली. चर्चमधल्या खुर्च्यांचा करकराट, कुणाचा तरी खोकला, आणि मग तिचाच हात, नऊ वर्षांनी तरुण. दुसऱ्या ओळीतला तो स्वरमेळ आला. चार सूर वाजले. वहीत तीनच होते. ती डोळ्यांनी तीन वाचत आली होती आणि तिची करंगळी आपल्या आपण जाऊन चौथा पुरवत आली होती, कुणी न सांगता, तिला स्वतःलाही न कळवता. पुढच्या ओळीत वरचा सूर आला. त्याच्या पुढे पुन्हा.

"हातालाच सवय असते," प्रोफेसर हलकेच म्हणाले. "तुमचा दोष नाही."

"बंद करा," ती म्हणाली.

बाहेर नगराध्यक्षांचं स्वागताचं भाषण संपत आलं होतं. टाळ्या झाल्या, तिचं नाव पुकारलं गेलं. ओर्नेलाने खिशातले दोन कागद काढून वाद्याच्या पेटीत तळाशी टाकले आणि दार उघडलं. मग वळून म्हणाली, "तुम्ही पण चला. फोन घेऊन चला."

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. पहिल्या रांगेत फादर एजिस्तो हात पोटावर बांधून बसले होते. ओर्नेला बसली नाही, वाद्य कडेवर घेतल्यासारखं धरून उभी राहिली.

"या वहीचे दोन्ही भाग मी नऊ वर्षांपूर्वी याच गावात वाजवले होते," ती म्हणाली. "तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सीडी घेतलीय. दुसऱ्या भागात मी चुका केल्या. त्या चुका आता या पुस्तकात छापून आल्यात, आणि पुस्तकात लिहिलंय की चुका सिस्टर देओदाताच्या होत्या. त्यात प्रोफेसरांच्या किती आणि माझ्या किती, ते आम्ही नंतर वाटून घेऊ. तिची एकही नाही. एवढंच मला सांगायचं होतं."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. नगराध्यक्षांनी प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसर मान खाली घालून फोनमध्ये काहीतरी शोधत होते.

"नववं पान," ओर्नेला त्यांना म्हणाली. "लावा."

पादोव्याचे प्रोफेसर मायक्रोफोनसमोर फोन धरून उभे राहिले, दोन्ही हातांनी. सीडीतलं नृत्य सभागृहात वाजलं, चार बोटांचं, भरघोस. एक-दोघांचे पाय हलले. ते संपल्यावर ओर्नेला खुर्चीत बसली. स्टँडवर तिने सकाळी दप्तरातून छापून आणलेली पानं होती. तिने पहिलं उलटलं. त्यावर नुसत्या रेघा होत्या. थोडं थांबून तिने दुसरं उलटलं. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. तिसऱ्या-चौथ्या पानाला माणसं एकमेकांकडे बघू लागली, नगराध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. सातव्याला कुणी हललं नाही. अकरा पानं झाली. मग तिने तीन बोटं तारांवर ठेवली.

कार्यक्रमानंतर वाईन आणि बदामाची बिस्किटं होती. प्रोफेसर प्लास्टिकचा ग्लास घेऊन तिच्याजवळ आले. पुस्तकाच्या सहाशे प्रती छापून झाल्या होत्या. प्रत्येकीत घालायला चार पानी पत्रक काढू, दोघांच्या नावाने, असं ते म्हणाले.

"आधी तुमचं नाव," ओर्नेला म्हणाली. "एकशे बारात पंच्याण्णव तुमच्या आहेत."

"मान्य," ते म्हणाले.

तेवढ्यात इओले तिथे आली. चौकात तिचं सुया-दोऱ्यांचं दुकान होतं. नगरपालिकेचा एकही कार्यक्रम तिने चुकवला नव्हता आणि मत सांगितल्याशिवाय ती एकाही कार्यक्रमातून घरी गेली नव्हती. तिने बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला.

"राग मानू नकोस, ओर्नेला. मला बाई पहिलंच जास्त आवडलं. कसं भरलेलं होतं. दुसऱ्यात काहीतरी कमी वाटलं मला."

प्रोफेसर काहीतरी समजावून सांगायला पुढे झाले. ओर्नेलाने बांधलेला हात त्यांच्या बाहीवर ठेवून त्यांना थांबवलं.

"हो, कमीच आहे," ती इओलेला म्हणाली. "कुठे वाटलं ते सांग."